जंगल, पंधरा रुपये चौरस फुटानं

‘या झाडाची किंमत १५ लाख ७० हजार रुपये’ अशी पाटी तुम्ही एखाद्या बागेत, शाळेच्या आवारात किंवा वनखात्याच्या विश्रामगृहासमोर वाचली असेल. हा आकडा कलकत्ता विद्यापीठाच्या प्रा. टी. एम. दास यांनी १९७९च्या सुमारास काढला. एक मोठं झाड पन्नास वर्षांत किती प्राणवायू देतं, किती माती धरून ठेवतं, हवेत किती ओलावा सोडतं, हे सगळं रुपयांत मांडून त्यांनी बेरीज केली होती. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, रुपया कुठल्या कुठे गेला, पण पाट्यांवरचा आकडा तोच आहे. सरकारी आवारात इतकी वर्षं महागाई भत्त्याशिवाय काढणारं दुसरं कुणी नसेल.

मी पेशानं हिशेबतपासनीस. सहकारी बँका, पतसंस्था, सूतगिरण्या यांच्या वह्या तपासण्यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे आकडा दिसला की तो कुणी, कुणासाठी आणि कशासाठी काढला हे विचारायची खोड लागलेली आहे. निसर्गाच्या ‘सेवां’ची किंमत काढण्याचा जो उद्योग गेली तीसएक वर्षं पर्यावरणाच्या नावानं चालू आहे, त्याला मला हेच प्रश्न विचारायचे आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. या उद्योगानं आपल्याकडे जंगल वाचवलेलं नाही, उलट ते विकण्यासाठी एक खिडकी उघडून दिली. आणि खिडकी उघडली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत शहरात बसून झाडांवर प्रेम करणारे आपणच पुढे होतो.

सुरुवात वाईट हेतूनं झाली नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. १९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध छापला. जगातली जंगलं, दलदली, समुद्र, गवताळ प्रदेश माणसाला सतरा प्रकारच्या सेवा देतात असं धरून त्यांनी त्यांची वार्षिक किंमत काढली. ती सरासरी ३३ लाख कोटी डॉलर आली. तेव्हा साऱ्या जगाचं वार्षिक उत्पन्न होतं सुमारे १८ लाख कोटी डॉलर. म्हणजे जगातली सगळी माणसं मिळून जेवढं कमावतात त्याच्या जवळपास दुप्पट किमतीचं काम निसर्ग फुकट करतो. अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच नाकं मुरडली. ज्याच्याशिवाय जगणंच शक्य नाही त्याची किंमत मोजायची, तर देणाऱ्याकडे स्वतःच्या उत्पन्नापेक्षा जास्त पैसे आणायचे कुठून? पण आकडा गाजला. मग २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनानं या सेवांची चार खात्यांत मांडणी केली: वस्तू पुरवणाऱ्या, नियमन करणाऱ्या, सांस्कृतिक आणि या तिन्हींना आधार देणाऱ्या. बँकेत नोकरी केलेले पवन सुखदेव यांच्या नेतृत्वाखाली २०१०पर्यंत निसर्गाच्या अर्थकारणावरचे जाडजूड अहवाल आले. राज्यकर्त्यांना पैशांचीच भाषा कळते, तर त्यांच्याशी त्याच भाषेत बोलू, असा सगळ्यांचा सूर होता.

माझा एक मित्र प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करून देतो. माणूस प्रामाणिक आहे. तो मला नेहमी म्हणतो, ‘‘अरे, तुला फायली माहीत नाहीत. रस्त्यासमोर आकडा असतो, धरणासमोर असतो. जंगलासमोर काही लिहिलं नाही, तर तिथे शून्य धरतात आणि शून्य प्रत्येक वेळी हरतं.’’ किंमत काढण्याच्या बाजूनं यापेक्षा चांगला युक्तिवाद मी ऐकलेला नाही. म्हणून त्याचं उत्तर तत्त्वज्ञानात न शोधता आपल्या देशात पुढे काय झालं त्यात शोधू.

टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी निलगिरीतल्या जंगलतोडीविरुद्ध १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९९६च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं ‘जंगल’ या शब्दाचा अर्थ चांगलाच रुंद केला, आणि मग ही याचिका संपलीच नाही. देशातल्या वनांचा सगळा कारभार तिच्यातून चालू लागला. २००२ साली याच प्रकरणात ठरलं की वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करणाऱ्यानं तिचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं. पुढे अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांची समिती नेमली गेली. २००८ साली दर ठरले: जंगलाचा प्रकार आणि दाटी बघून हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. २०२२ साली दर वाढवले. आता सर्वांत वरच्या वर्गातल्या, सर्वांत दाट जंगलाचा दर हेक्टरी १५ लाख ९५ हजार ७९० रुपये आहे. सह्याद्रीतलं सदाहरित अरण्य याच वर्गात मोडतं.

हेक्टर ही शहरी माणसाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट नाही, म्हणून मी हा दर आपल्या रोजच्या मापात आणून पाहिला. एका हेक्टरमध्ये १ लाख ७ हजार ६३९ चौरस फूट असतात. भागाकार करा. चौदा रुपये ब्याऐंशी पैसे. पंधरा रुपये चौरस फूट. ठाण्यात किंवा पुण्यात घर घेताना पार्किंगच्या जागेला काय मोजलंत ते आठवा. राष्ट्रीय उद्यान तोडायचं असलं, तरी दीडशेच्या आत काम होतं. बांधकामाच्या साइटवर यापेक्षा महाग फरशी बसते.

‘निव्वळ वर्तमान मूल्य’ म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. पुढच्या वर्षी मिळणारे शंभर रुपये आजच्या शंभर रुपयांपेक्षा कमी मोलाचे, या तत्त्वावर भविष्यातलं सगळं उत्पन्न कापत कापत आजच्या तारखेला आणायचं. कारखान्याच्या यंत्राला हे चोख लागू पडतं. यंत्र दहा-पंधरा वर्षांत भंगारात जातं. पण पाच टक्क्यांचा दर धरला, तर शंभर वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत ७६ पैसे होते. दोनशे वर्षांनंतरचं तर बोलायलाच नको. म्हणजे ज्या वस्तूचा गुणच टिकून राहणं हा आहे, तिला मोजायला आपण टिकण्याची किंमत शून्याकडे नेणारी फूटपट्टी घेतली. माझ्या धंद्यात हे सूत्र आम्ही रोज वापरतो, म्हणून सांगतो: त्याच्यात चूक काही नाही, ते फक्त यासाठी बनलेलं नाही.

आता मित्राच्या मुद्द्याकडे वळू. शून्याच्या जागी आकडा आला, मग जंगल जिंकायला लागलं का? समजा, एक हजार कोटींचा रस्ता आहे आणि त्यात शंभर हेक्टर उत्तम जंगल जातंय. भरायचे झाले सोळा कोटी, म्हणजे प्रकल्पखर्चाच्या दीड-पावणेदोन टक्के. सल्लागारांची फी आणि उद्घाटनाचा मांडव याच्या आसपास जात असतील. कुठल्याही प्रकल्पाच्या हिशेबात हा आकडा निर्णय फिरवत नाही. तो खर्चाच्या यादीत एक ओळ होऊन बसतो. पूर्वी जंगल तोडताना निदान तोडणाऱ्याच्या बाजूला काही तरी उणं आहे, काही तरी द्यायचं राहिलंय, अशी टोचणी असे. आता पावती मिळते. पावती मिळाली की व्यवहार पुरा झाला.

या पावत्यांचे पैसे किती साठले? नुकसानभरपाई वनीकरण निधीचा कायदा २०१६ साली झाला आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये वाटले. बातम्यांत हे यश म्हणून आलं. ताळेबंद वाचणारा माणूस ही रक्कम वेगळी वाचतो: एवढ्या पैशांचं जंगल गेलं. आणि ज्यांचं गेलं त्यांना ती रक्कम मिळाली नाही, ती मिळाली वनखात्याला. जंगल वळतं करायची शिफारस करणारं खातं तेच आणि त्यावर मिळालेल्या पैशांतून काम करणारंही तेच. असा प्रकार मी एखाद्या पतसंस्थेत पाहिला असता, तर लेखापरीक्षणाच्या शेऱ्यात पहिल्या पानावर लिहिला असता.

झाडाच्या किमतीचं दुसरं नाट्य पश्चिम बंगालात घडलं. रेल्वेवरच्या पाच उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, त्यातली कितीतरी जुनी, डेरेदार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं समिती नेमली. समितीनं २०२१ साली सांगितलं की झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले त्याचं वय. शंभरी ओलांडलेल्या झाडाची किंमत कोटीच्या घरात जाऊ शकते. ३५६ झाडांचे झाले २२० कोटी. त्या आठवड्यात माझ्या फोनवर ही बातमी किमान वीस जणांनी पाठवली, सोबत हात जोडलेल्या चित्रांसह. पुढे काय झालं ते मात्र कुणी पाठवलं नाही. २०२३च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयानं ती झाडं तोडायची परवानगी कायम ठेवली. एका झाडामागे पाच रोपं लावायची अट होती. कोटीचं झाड आणि पाच रोपं, ही अदलाबदल कुणालाच खटकली नाही, कारण आकडा काढून झाला होता आणि त्याचं काम संपलं होतं.

त्या ७४,५००चे घटकही बघण्यासारखे आहेत. त्यात ४५,००० रुपये नुसत्या प्राणवायूचे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर हा हिशेब घरोघरी पोचला. सिलिंडरचा भाव आणि वडाचं झाड यांचा गुणाकार करणारे संदेश रोज येत. पण सिलिंडरची किंमत ही प्राणवायूची किंमत नसतेच. ती हवेतून तो वेगळा काढण्याची, दाबून भरण्याची, टाकीची आणि ट्रकची किंमत असते. झाड यांतलं काहीच करत नाही. शिवाय पूर्ण वाढलेलं जंगल जेवढा प्राणवायू सोडतं, जवळपास तेवढाच त्याच्या स्वतःच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्च होतो. हवेत त्याचा साठा इतका अफाट आहे की या अरण्यानं तो वाढत नाही आणि त्या अरण्यानं घटत नाही. जंगल हवं ते पाण्यासाठी, मातीसाठी, गारव्यासाठी, त्यात राहणाऱ्या जिवांसाठी आणि माणसांसाठी. पण या गोष्टींना बाजारात तयार भाव नाही, म्हणून ज्याचा भाव सापडला तो प्राणवायू उचलला. रस्त्यावर हरवलेली किल्ली दिव्याखाली शोधण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

भाव सापडतो तेच मोजायचं, याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो झाडं नसलेल्या निसर्गाला. कोकणातला कातळसडा घ्या. उन्हाळ्यात काळा, तापलेला, ओसाड. महसुली दप्तरात त्याची ओळख पोटखराबा किंवा पड. पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, डबक्यांत बेडकांची पिढी वाढते आणि भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीला जातं. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारसा झालं तेव्हा लोक गाड्या काढून बघायला गेले. पण तशाच इतर सड्यांची किंमत विचारली की उत्तर येतं, झाडं किती आहेत? सोलापूर-नगरकडच्या माळरानांचं तेच. माळढोक, लांडगा, काळवीट, धनगरांची मेंढरं या सगळ्यांचं जे घर, ते सरकारी नकाशात पडीक. पडीक जमिनीचं भलं करायचं म्हणजे तिच्यावर झाडं लावायची. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची जी दाटी झालेली आहे ती याच भल्याची.

२०१९ साली महाराष्ट्रात ३३ कोटी रोपं लावायचं उद्दिष्ट होतं. आता केंद्राची ग्रीन क्रेडिट योजना आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये तिची पद्धत ठरली तेव्हा हेक्टरी किमान ११०० झाडं आणि एका झाडाला एक क्रेडिट असा हिशेब होता. झुडपी जंगलाच्या, विरळ वनाच्या जमिनीवर. ११०० झाडं हेक्टरी लावली की गवत मरतं, हे कुठल्याही मेंढपाळाला विचारा. पण गवताला क्रेडिट नाही.

मोबदल्याच्या झाडांचा हिशेब तर अधिकृतपणे तपासला गेलेला आहे. कॅगनं २०१३ साली आपल्या अहवालात २००६ ते २०१२ या काळाचा आढावा घेतला. वळत्या केलेल्या वनजमिनीच्या बदल्यात १ लाख ३ हजार हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८ हजार. लागवड झाली ७ हजार २८१ हेक्टरवर. शंभरात सात. आमच्या पेशात शेरे मोजूनमापून लिहितात, तरी त्या अहवालाचा सूर लपत नाही. आणि लागवड शंभर टक्के झाली असती तरी काय? ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ, वसाहत यांसाठी १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आहे, साडेनऊ लाखांहून जास्त झाडं, हा सरकारचाच अंदाज. त्याच्या बदल्यातली लागवड हरियाणात. विषुववृत्ताजवळच्या पावसाळी अरण्याचं देणं अरवलीच्या पायथ्याशी फेडायचं. किमतीच्या भाषेत हे बिनचूक आहे. शंभराची एक नोट दुसऱ्या शंभराच्या नोटेसारखीच असते. एकदा अरण्याची नोट केली की ती कुठेही मोडता येते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग दर वाढवा. पंधराच्या जागी पंधराशे करा. माझा आक्षेप दराला असता, तर हा लेख लिहिलाच नसता. आक्षेप असा आहे की हा मुळात सौदाच नाही. सौद्याला विकणारा लागतो आणि विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक लागते. तुमचं घर मी माझ्या मर्जीनं, मी ठरवलेल्या दरानं घेतलं आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यात भरले, तर त्याला तुम्ही खरेदी म्हणाल का? जंगलात हेच होतं. ‘परिसंस्था सेवा’ या शब्दांत सेवा घेणारा ‘आपण’ आहे, देणारा ‘निसर्ग’ आहे आणि निसर्गाला तोंड नाही. जे लोक त्या जंगलात पिढ्यान् पिढ्या वणवे विझवतात, बांबू कधी तोडायचा आणि कधी नाही हे पाळतात, देवराईत कुऱ्हाड नेत नाहीत, ते या वाक्यात कुठे बसतच नाहीत. त्यांच्या कामाला सतरातली एकही सेवा म्हणत नाहीत.

म्हणून माझ्या मते गेल्या वीस वर्षांत जंगलाच्या बाजूनं झालेली सर्वांत मोठी गोष्ट कुठल्याही मूल्यांकनात नाही, ती २००६च्या वनहक्क कायद्यात आहे. २००९च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं परिपत्रक काढलं की वनजमीन वळती करण्याआधी तिथल्या ग्रामसभांची संमती हवी. त्याच आधारावर ओडिशातल्या नियामगिरीचा प्रश्न २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांकडे सोपवला. डोंगरिया कोंध लोकांच्या बारा गावांत सभा झाल्या आणि बाराच्या बारा सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगराची किंमत त्यांनी काढली नाही. तो आमचा देव आहे, एवढंच सांगितलं. डोंगर अजून उभा आहे. ३३ लाख कोटी डॉलरच्या निबंधानं वाचलेला एक तरी डोंगर मला कुणी दाखवावा.

आणि पुढे काय झालं, तर २०२२च्या नव्या नियमांनी क्रम बदलला. आता केंद्र अंतिम मान्यता देऊन मोकळं होऊ शकतं आणि वनहक्कांची पूर्तता राज्यानं त्यानंतर बघायची. पैसे आधीच भरलेले असतात. पैसे भरून झाल्यावर, मान्यता मिळून झाल्यावर ग्रामसभेला विचारायचं, तुमची हरकत आहे का? राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानं यावर आक्षेप घेतला. ज्या वर्षी जंगलाचा दर वाढला त्याच वर्षी ‘नाही’ म्हणायची जागा आक्रसली. हा योगायोग असेलही, पण या दोन गोष्टी एकाच विचारातून येतात असं मला वाटतं. दर चांगला दिला की नकाराची गरज काय, असा तो विचार आहे.

हक्क दिले तर लोक जंगल ओरबाडून खातील, ही भीती शहरात सर्रास ऐकू येते. तिचा इतिहास जरा उलटा आहे. कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारनं बांबू टनामागे दोन रुपयांहूनही कमी दरानं दिला होता आणि त्याच वेळी टोपल्या विणणारे बुरूड बाजारात त्याच्या शेकडो पट भाव मोजत होते. माधव गाडगीळ हे उदाहरण वर्षानुवर्षं सांगत आले. बांबूची रानं कुणी संपवली, टोपलीवाल्यांनी की गिरणीनं, हे त्यांनी जागेवर जाऊन तपासलेलं होतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांतलं ते एक. हक्क कागदावर आला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात यायला लागले आणि तोडीचे नियम ग्रामसभा ठरवायला लागली. चंद्रपूरमधल्या पाचगावनं त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपानं तोडणं बंद केलं. विदर्भात तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोकडा पैसा. पण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, रानाचं नुकसान होतं, असं म्हणून त्यांनी तो पैसा सोडला. बांबू आहे, तेवढा पुरे. हा निर्णय कुठल्याही खर्च-लाभाच्या तक्त्यात बसत नाही. ‘वस्तू पुरवणारी सेवा’ उपलब्ध असताना ती नाकारणारा ग्राहक या शास्त्राला ठाऊकच नाही. मालकाला मात्र अशी गोष्ट करता येते.

किमतीचे समर्थक आता न्यूयॉर्कचं उदाहरण काढतील. प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते असतं. शहराला पाणी गाळण्याचा प्रकल्प उभारायला काही अब्ज डॉलर लागणार होते. त्याऐवजी शहरानं कॅट्सकिल डोंगरातल्या पाणलोटात पैसा घातला, जंगल राखलं, शेतकऱ्यांना मदत केली आणि गाळणी टळली. निसर्गसेवेची किंमत चुकवली आणि निसर्ग वाचला! पण गोष्ट नीट वाचा. शहराला जाग आली ती कायद्यामुळे: पाणी गाळा, नाहीतर पाणलोट स्वच्छ राखता हे सिद्ध करा, असा केंद्राचा नियम होता. आणि १९९७चा करार वरच्या बाजूच्या गावांशी कित्येक वर्षं भांडून, बसून, अटी घालून झाला. ती गावं ‘नाही’ म्हणू शकत होती, म्हणून तर करार करावा लागला. तिथे जंगलाचं मूल्यांकन झालं की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. समोरासमोर दोन पक्ष होते आणि दोघांचं वजन होतं.

आपल्याकडे याचं जुळं उदाहरण आहे, आणि ते ठाणे-पालघरमध्ये आहे. मुंबईला रोज ३,८००हून अधिक दशलक्ष लिटर पाणी येतं. विहार आणि तुळशी शहराच्या पोटात, बाकीचं शंभरएक किलोमीटरवरून, तानसा, भातसा आणि वैतरणेच्या धरणांतून. तानसा १८९२चं. त्याच्या भोवतीचं जंगल हे अभयारण्य आहे. ते पाणी धरतं, गाळ अडवतं, आणि मुंबईला पाणी न गाळता पिता आलं नाही तरी ते बऱ्यापैकी नितळ मिळतं ते त्याच्यामुळे. सेवा म्हणायची तर ही सेवा आहे. ही सेवा ज्या शहापूर तालुक्यातून निघते तिथल्या वाड्यापाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. बायका हंडे घेऊन उतरतात आणि खालून मुंबईची जलवाहिनी जात असते. ही गोष्ट दर मे महिन्यात वर्तमानपत्रात छायाचित्रासह छापून येते, इतकी नेमानं की आता ती ऋतूतलीच एक गोष्ट वाटते. मुंबईकराच्या बिलावर पाण्याचा आकार असतो, मलनिस्सारणाचा असतो. हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत. जंगलाचा रकाना नसतो, आणि नसलेलाच बरा, कारण तो असता तर ते पैसे शहापूरच्या पाड्यावर पोचले नसते, हे आपण वर पाहिलंच.

आता मुंबईला आणखी पाणी हवं आहे. वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ गारगाई नदीवर धरण बांधून रोज ४४० दशलक्ष लिटर आणायचं ठरतं आहे. तानसा अभयारण्यातलं जंगल त्यात बुडेल, तोडायच्या झाडांचे आकडे लाखांत आहेत, आदिवासी गावं उठतील. २०२०च्या सुमारास झाडांचं कारण देऊन हा प्रकल्प बाजूला ठेवला होता. समुद्राचं पाणी गोडं करू म्हणाले. मग तो परत वर आला. दरम्यान मुंबईच्या नळांच्या जाळ्यातून गळती आणि चोरीत रोज शेकडो दशलक्ष लिटर जातातच.

गारगाईच्या फायलीत निव्वळ वर्तमान मूल्याचा तक्ता असेल. अभयारण्य म्हणून पाचपट. मी तो तपासायला बसलो तर बेरीज बरोबर येईल, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात पर्यायी वनीकरणाची जागा दाखवलेली असेल, सात-बारा जोडलेला असेल. मुंबईतल्या ज्या वाचकांना झाडांची खरोखर काळजी आहे, त्यांना माझी विनंती आहे की या वेळी झाडांची किंमत कमी धरली म्हणून तक्रार करू नका. ओगद्याच्या आणि आसपासच्या ग्रामसभा कधी झाल्या, किती लोक हजर होते, ठरावाच्या प्रती कुठे आहेत आणि त्यांत नकार असेल तर तो मानणार आहात का, एवढंच पालिकेला माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचं तिकीट लागतं.